उतारावर घर बांधताय? आधी लेव्हल पाईप आणा

गणपतीला गावी गेलो की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, अरे वरच्या अंगाला दहा गुंठे मिळतायत, व्ह्यू एक नंबर आहे, घेऊ का? आणि मी दरवर्षी तेच सांगतो की व्ह्यू सोड, तुझ्या डोक्यावर कुणाची जमीन आहे आणि तिकडचं पाणी पावसात कुठून उतरतं ते आधी बघून ये. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, अख्खी उतारावर, आमच्या पायरीखाली दुसऱ्याचं छप्पर असा प्रकार. अशा ठिकाणी प्लॉट एकट्याचा नसतोच. वरच्याने जेसीबी लावला की खालच्याची झोप जाते. म्हणून हे लिहितोय, घर बांधणाऱ्यांसाठी पण आणि वाडीत काहीतरी करायचंय पण कुठून सुरू करायचं कळत नाही त्यांच्यासाठी पण.

आधी उतार मोजा. अंदाजाने नाही, मोजूनच. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर नावाची एकत्रित बांधकाम नियमावली आहे. मुंबई, हिल स्टेशनच्या नगरपालिका, इको सेन्सिटिव्ह (पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक) म्हणून जाहीर झालेले भाग वगैरे सोडले तर बाकी बहुतेक राज्याला ती लागू. त्यात डोंगरउताराचा आकडा आहे १:५. म्हणजे ५ मीटर आडवं गेलात आणि जमीन १ मीटर किंवा जास्त खाली गेली तर तिथे बांधकाम नाही आणि कापून सपाट करणं, भराव टाकणं हेही नाही. लोकांना वाटतं १:५ म्हणजे कडाच असेल. नाही हो, तो साधारण ११ अंशाचा उतार, डोळ्याला अगदी किरकोळ वाटतो, मुलं त्यावर क्रिकेट खेळतात.

मोजायला सर्वेअर नंतर बोलवा, पहिल्यांदा गवंड्याची लेव्हल पाईप पुरते, तीच ती पारदर्शक नळी, १० मीटर घ्या. एक खुंटी वरच्या बाजूला अगदी जमिनीलगत सुतळी बांधून ठोका. सुतळी आडवी ५ मीटर ओढा, खालच्या बाजूला उंच काठी धरा. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, तिथेच सगळे चुकतात, एक टोक वरच्या खुंटीशी सुतळीच्या उंचीवर आणि दुसरं खालच्या काठीला लावा. पाणी जिथे थांबतं तिथे सुतळी आणा आणि तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजा. ९० सेंटीमीटर आले तर काठावर आहात, १२० आले तर विषय संपला. आणि हो, अंतर उतारावरून तिरकं मोजायचं नाही, सुतळीवरून आडवंच मोजायचं, नाहीतर आकडा कमी येतो आणि आपण खूश होतो. प्लॉटच्या चार ठिकाणी करा आणि प्लॉटच्या वर, हद्दीबाहेर पण एकदा करा, मालक ओरडला तर चहा पाजा.

नंतर कागद. सातबारा ऑनलाईन मिळतो पण लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात, खाली इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचत नाहीत. कोकणात तिथे खाजगी वनाची नोंद असू शकते, १९७५ च्या खाजगी वन कायद्यातली, आणि ती असली तर प्लॉट कितीही स्वस्त असला तरी वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा, प्रादेशिक योजनेत जमीन कशात आहे ते त्यात कळतं. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका, कारण उतारावर बांध सरकलेले असतात, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, तुमचा आणि जमीन शेजाऱ्याची असलं प्रकरण दर दुसऱ्या घरी आहे. लहान घरांना परवानगीची पद्धत अलीकडे बरीच सोपी केलीय, त्याचा फायदा जरूर घ्या, पण परवानगी सोपी झाली म्हणजे उतार कमी झाला असं नाही हेही डोक्यात ठेवा.

माती किंवा मुरूम बाहेर विकायचा विचार असेल, किंवा मोठी खोदाई असेल, तर तहसीलदारांची परवानगी आणि रॉयल्टी लागते. विनापरवाना गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जेसीबीवाला म्हणेल साहेब रात्रीत करून देतो कोण बघतंय, त्याला काय, नोटीस तुमच्या नावाने येणार.

महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथले नियम वेगळे आणि कडक, तिकडे जमीन घेणाऱ्यांनी माझं हे वाचून निर्णय घेऊ नये. गोव्यात तर टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यात डोंगर कापण्यावर वेगळं कलमच आहे, १७अ, म्हणजे घराची परवानगी हातात असली तरी कापायची परवानगी वेगळी काढावी लागते. आणि पश्चिम घाटातला भाग इको सेन्सिटिव्ह ठरवणाऱ्या केंद्राच्या मसुदा अधिसूचनेबद्दल गावागावात जी अफवा आहे ना की गावाचं नाव त्यात आलं की घराची कौलं पण बदलता येणार नाहीत, ती साफ खोटी. मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं असल्या मोठ्या कामांवर. तुमचं आमचं घर त्यात येत नाही. विरोध करायचा तर करा, पण वाचून करा.

आता मुख्य गोष्ट, पाणी. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला कळलं कसं तर एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गाव दिसेना. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये. त्याच महाड तालुक्यात २००५ ला जुई, दासगाव. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, आणि इर्शाळवाडीचं तर नाव दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हतं, विधानसभेतही हे सांगितलं गेलं. मला या सगळ्यातून एकच कळलं, आपलं गाव यादीत नाही म्हणून निश्चिंत झोपणं हा मूर्खपणा आहे. आणि सगळीकडे एक गोष्ट सारखी, दोन-तीन दिवस धो धो पाऊस आणि त्यावर मग दरड. माती पाणी पिते, जड होते, आणि मातीच्या कणांची एकमेकांना धरून ठेवायची ताकद पाण्याच्या दाबाने जाते. आमच्याकडे वर जांभा आणि त्याच्याखाली पांढरट पिवळी चिकण माती, जांभ्यातून पाणी झिरपत त्या मातीपर्यंत जातं आणि ती साबणासारखी होते. विहीर खणताना बघितली असेल ती माती, हाताला लागली की निघत नाही.

तर घराचं पाणी कसं सांभाळायचं. आधी छपराचा हिशोब करा. १००० चौरस फुटांचं छप्पर आणि दिवसाला २०० मिलीमीटर पाऊस, जो आमच्याकडे जुलैत काही नवल नाही, म्हणजे साडेअठरा हजार लिटर, दहा हजारवाले जवळजवळ दोन टँकर. हे पाणी पागोळ्यांनी पायथ्याशी सोडायचं की पन्हळ लावून पाईपने नाल्यापर्यंत न्यायचं, हे तुम्हीच ठरवा. टाकीत साठवलं तर अजून चांगलं, मेमध्ये टँकरवाल्याच्या पाया पडायला नको.

घराच्या वरच्या अंगाला, कापलेल्या कड्याच्या माथ्याच्या थोडं मागे, एक चर खणून गटार करा, आडवं, दोन्ही बाजूला हलका उतार देऊन. डोंगरावरून येणारं पाणी कड्यावरून खाली पडायच्या आधीच ते बाजूला जायला हवं. हे गटार पक्कं बांधा किंवा निदान चिकण माती चोपून घ्या, नाहीतर तुम्ही पाणी बाजूला न्यायच्या नावाखाली तेच पाणी डोंगरात जिरवत बसाल. चर खणून पाणी जिरवायची सलग समतल चरांची कामं छान आहेत, गावांनी त्यातून पाणी आणलंय, पण ती वस्तीच्या थेट डोक्यावर करायची नाहीत. हा फरक कित्येक उत्साही मंडळींना कळत नाही. जिरवायचं पाणी लांबच्या माळावर, वस्तीच्या वर फक्त वळवायचं. शोषखड्ड्याचंही तेच, सेप्टिक टँकचा शोषखड्डा घराच्या वरच्या बाजूला किंवा कड्याच्या अगदी काठाला नको. बारा महिने उताराच्या पोटात पाणी सोडताय आणि मग भिंतीला भेग का गेली विचारताय.

प्लिंथ. उतारावर एक मोठा सपाट ओटा काढायचा मोह होतो, पोकलेन असतोच. मागे १२ फूट उभा कडा आणि पुढे १० फूट भराव, दोन्ही वाईट, त्यात भरावावर ओटी आणि गाडीचं पार्किंग. त्यापेक्षा घरालाच पायऱ्या पाडा, स्वयंपाकघर चार पायऱ्या वर, माजघर खाली, जुन्या लोकांची घरं अशीच आहेत आणि ती अजून उभी आहेत. भरावावर खांब उभा करायचा असेल तर पाया भरावातून खाली मूळ जमिनीत गेलाच पाहिजे, इंजिनिअरकडून लिहून घ्या. आणि कापाकापी शिमग्यानंतर सुरू करून मे संपायच्या आत भिंत पूर्ण, मधे पाऊस आला तर उघडा कडा ताडपत्रीने झाका. जूनमध्ये कडा कापणाऱ्याला मी काही बोलणार नाही, तोच बोलेल पुढे.

भिंतीवरून आठवलं, आमची गोष्ट. २०१९ ला घरामागे ७ फुटाची चिऱ्याची संरक्षक भिंत बांधली. गवंडी आमचा जुना, वडिलांच्या वेळचा, तो म्हणाला, "दादा, पाईप टाका मधे मधे, चार-पाचशेचं काम हाय." मी म्हटलं काका पाईपातून लाल पाणी येणार, डाग पडणार, कालच पेंट केलंय. तो गप्प राहिला, त्याचा काय संबंध. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला मधोमध पोट आलं, चार दिवसांनी रात्री दोन वाजता धप्प. नशीब मागच्या खोलीत कुणी झोपलं नव्हतं, फक्त वॉशिंग मशीन गेलं. सकाळी बघतो तर भिंतीमागे पाण्याने भिजून चिखल, दगडाचा एक तुकडा नाही, मीच स्वस्तात म्हणून खणलेली माती परत मागे ढकलायला लावली होती. भिंत पुन्हा बांधली तेव्हा ३ इंची पाईप, साधारण चार फुटावर एक, एकाआड एक खालीवर, बाहेरच्या बाजूला उतरते, आणि मागे फूटभर रुंद खडी आणि दगडगोटे तळापासून वरपर्यंत. पहिल्याच पावसात पाईपातून लाल पाणी आलं, डाग पडले, आता मी त्या डागांकडे बघून खूश होतो. उंच भिंत असेल, ८-१० फुटाच्या वर, तर गवंड्यावर पण सोडू नका, डिझाईन करून घ्या, किंवा जाळीत दगड भरलेली गॅबियन भिंत बघा, तिच्यातून पाणी आपोआप जातं.

झाडं लावा पण विचार करून. उभ्या कड्याच्या अगदी काठावर मोठं झाड नको, वाऱ्याने हललं की मुळांसकट कडा उचलतं. उतारावर वाळा लावा, खस, त्याची मुळं सरळ खाली जातात, ओळीने आडवी लावायची, दोन रोपांत वीतभर अंतर. सोबत करवंद, निरगुडी चालेल. आणि वरची जुनी झाडं तोडू नका, तोडली तरी पहिली दोन-चार वर्षं काही होत नाही, मुळं कुजली की मग होतं, तोपर्यंत तोडणारा प्लॉट विकून गेलेला असतो.

हे सगळं तुम्ही केलंत, तरी वरच्या घराचं पाणी तुमच्याकडे येणारच. म्हणून आता वाडीचं काम. आमच्याकडे पाखाडी होती, चिऱ्याच्या पायऱ्या, स्टॉपपासून वरच्या घरापर्यंत, निम्मी तुटलेली, पावसाळ्यात तीच ओढा व्हायची. पाणी पायऱ्यांवरून उड्या मारत खालच्या चार घरांच्या पडवीत. आम्ही पाखाडी दुरुस्त केली म्हणताना खरं काम गटाराचं होतं, पण 'गटार' म्हटलं की मुंबईकरांचे खिसे उघडत नाहीत, 'पाखाडी' म्हटलं की आजी आठवते आणि पाच हजार निघतात. ही टीप फुकट घ्या.

कॅलेंडर असं ठेवा. गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हा आरतीनंतर बसून नकाशा काढा. खरंच काढा, कार्डशीटवर, घरं, वहाळ म्हणजे ओढे, विहिरी, आणि गेल्या पावसात पाणी कुठून कुठे गेलं ते निळ्या पेनने. बायकांना आधी विचारा, पाणी कुठे शिरतं ते त्यांनाच माहीत असतं, पुरुष मंडळी राजकारण सांगतात. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला विषय घ्यायचा, पण सभेच्या आधी लेखी अर्ज देऊन अजेंड्यावर आणायचा आणि अर्जाची पोच घ्यायची. आयत्या वेळचे विषय म्हणून शेवटी मांडलात तर तोपर्यंत अर्धी माणसं जेवायला गेलेली. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते, तेवढी माणसं घेऊन जा. ठराव झाला की नक्कल मागा. आम्हाला एका कार्यालयात तीन फेऱ्या मारायला लावल्या, साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच गेले, शेवटी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला, ३० दिवसांची मुदत असते, बाविसाव्या दिवशी नक्कल घरी आली.

पैसा कुठून? ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा असतो, आमचं गाव आमचा विकास, काम त्या आराखड्यात बसलं पाहिजे, नाहीतर सरपंच कितीही चांगला असला तरी हात वर करणार. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, ४० टक्के मोकळे. म्हणून आम्ही एकच काम दोन तुकड्यांत मागितलं, सांडपाण्याचं गटार बंधितमधून आणि पाखाडी अबंधितमधून. हे ग्रामसेवकानेच सुचवलं, त्याला श्रेय द्यायला पाहिजे. उरलेलं वर्गणी आणि श्रमदान.

श्रमदान शिमग्याला. गर्दी असते, ऊन असतं पण पाऊस नसतो. एक रविवार म्हणजे चाळीस माणसांत साधारण पंधरा पायऱ्या होतात, बाकीची माणसं फोटो काढतात, काढू दे, पुढच्या वर्षीची वर्गणी त्या फोटोंवरच येते. पायरी बसवताना दोन गोष्टी बघा, खाली माती भरू नका, दगडगोटे ठोकून भरा, आणि प्रत्येक पायरीला गटाराच्या बाजूला बोटभर उतार द्या म्हणजे पाणी पायरीवर थांबत नाही की खाली धावत नाही. गटार सरळ घसरगुंडीसारखं काढायचं नाही, टप्पे करायचे, दर टप्प्याला पाणी पडून दम घेतं, नाहीतर वेग असा वाढतो की खालचं टोक दोन वर्षांत पोखरून जातं. आणि शेवटचं टोक! सगळ्यांचं गटार छान बांधून झालं की कळतं ते शेजारच्या वाडीच्या काजूच्या बागेत जाऊन संपतंय. आमचं भांडण झालं, खोटं कशाला बोला, दोन महिने बोलणं बंद. टोक वहाळापर्यंत न्यायला अजून चाळीस फूट खणावं लागलं, आधीच खणलं असतं तर एक दिवसाचं काम होतं.

जूनच्या आधी एकदा वाडीच्या वर चक्कर मारा, चार तरुण आणि एक म्हातारा, म्हातारा पाहिजेच कारण पूर्वी काय होतं ते त्यालाच आठवतं. काय बघायचं: माथ्यावर उताराला आडवी गेलेली नवी भेग, वाकलेले विजेचे खांब, कधी नव्हता तिथे फुटलेला झरा, गढूळ झालेली विहीर. पावसाळ्यात घराचं दार अचानक चौकटीत अडकायला लागलं तर लाकूड फुगलंय म्हणण्याआधी बाहेर जाऊन भिंत बघा. भेग दिसली तर दोन्ही बाजूला खुंट्या ठोकून अंतर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत मोजा, वाढलं असेल तर फोन तहसीलला आणि माणसं खाली, चर्चा नंतर.

पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा पुरतो, बिस्किटाचा पण चालेल, अंगणात उघड्यावर ठेवायचा, सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचं आणि ग्रुपवर टाकायचं. ११५ मिलीमीटरच्या वर गेला की हवामान खात्याच्या भाषेत अति जोरदार, २०४ च्या वर अत्यंत जोरदार. आमच्या वाडीत ठरलंय, सलग दोन दिवस दीडशेच्या वर डबा भरला की वरची सहा घरं रात्री शाळेत झोपायला येतात, कुणी चेष्टा करायची नाही. पहिल्या वर्षी एकदा सगळे आले आणि शाळेला कुलूप, चावी गुरुजींकडे आणि गुरुजी रत्नागिरीला. दगडाने कुलूप फोडलं. आता शाळेच्या दोन चाव्या आहेत, एक वरच्या आळीत आणि एक खालच्या आळीत, दोन्हीकडे दाराच्या मागे खिळ्याला.